रिकामं भांडं

ऑगस्ट संपत आलाय कॉटेज ग्रोव्हमध्ये.
डोंगरापलीकडे कुठेतरी जंगल पेटलंय,
सूर्य सकाळपासून गाजराच्या चकतीसारखा.
शनिवारी डार्लीनचा ट्रक येणार.
घर विकलं तिनं, लेकीकडे चाललीय, स्पोकॅनला,
आणि तिचं भांडं अजून माझ्या कपाटात.

चिनी मातीचं, पांढरं, एका कानाचा टवका उडालेला,
बुडाला चिकटपट्टीवर तिचं आडनाव,
निम्मं धुऊन गेलेलं.
आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी
ती हे घेऊन दारात उभी होती.
कॉब्लर, म्हणाली.
मला एकच कॉब्लर ठाऊक होता, जोडे शिवणारा.
झाकण काढलं, तर वर खरंच पिठाची ठिगळं
आणि त्यांच्या शिवणींतून
जांभळं काहीतरी उकळून वर आलेलं.

अकरा वर्षं झाली.
परत द्यायचं राहिलं, कारण रिकामं देता येत नाही,
आणि भरून द्यायचं तर काय?
पोहे दिले होते एकदा, डब्यातून.
तिनं ते थंड दूध ओतून खाल्ले.

म्हणून आज जुन्या रेल्वेच्या वाटेवर, बादली घेऊन.
या झुडपांना इथे हिमालयन म्हणतात.
हिमालयाशी त्यांचा काही संबंध नाही,
मृण्मयी शाळेतून शिकून आली होती.
कुणीतरी नाव ठेवलं, ते चिकटलं.
चालायचंच. मी कुठली हे विचारणारेही
उत्तर घरूनच घेऊन येतात.
काटे मात्र खरे,
बाही धरून ठेवतात, आग्रही यजमानासारखे.

एक ब्लॅकबेरी दातांनी फोडली
आणि सवयीनं आत डोकावले:
कोंबडा की कोंबडी?
करवंदाचा खेळ. इथे तो प्रश्नच नाही,
आतबाहेर एकच रंग, ओठांना चीकसुद्धा नाही.
थोडी हिरमुसले, खरं सांगते.

साखर किती, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.
नजरेनं, म्हणायची.
आमच्याकडे अंदाजानं म्हणतात,
तेही तितकंच निरुपयोगी.
गार लोणी मैद्यात चिमटीनं चुरलं, दूध शिंपडलं.
मळू नको, हे मात्र तिनं दोनदा बजावलं होतं,
आणि माझ्या हातांना तर जन्माची मळायची खोड.
आवरले. ओबडधोबडच राहू दे.
जायफळ किसताना वाटलं, पुरे.
तरी अजून किसलं.

पाऊण तास ओव्हनच्या काचेसमोर बसून होते.
रस कडेनं उतू गेला, खाली पडून करपला,
धुराचा अलार्म दोनदा ओरडला.
बाहेरच्या धुरासाठी की आतल्या, त्यालाच माहीत.

डार्लीन मोकळ्या स्वयंपाकघरात
पालथ्या बादलीवर बसली होती.
चमचे कधीच खोक्यात गेलेले.
बाहेर होते फक्त मापाचे,
कोरे, दुकानाची चिठ्ठीही न काढलेले.
मी तिच्याकडे पाहिलं. तिनं खिडकीबाहेर.
त्यांनीच खाल्लं आम्ही,
तिनं मोठ्या चमच्यानं, मी पाव चमच्यानं.
काय घातलंस यात?
जायफळ.
चुकलंय, म्हणाली,
आणि पुन्हा वाढून घेतलं.

भांडं तिथेच सोडून निघाले,
हात इतके हलके की कुठे ठेवावेत कळेना.

शनिवारी ट्रक वळणाआड गेल्यावर दार उघडलं
तर पायरीवर तेच भांडं, घासून पुसून.
आत अर्धं पाकीट मैदा,
बेकिंग पावडरचा डबा, तारीख दोन वर्षांपूर्वी उलटलेली,
आणि ते चमचे.
बुडाला नवी चिकटपट्टी,
तिच्या वाकड्या अक्षरात माझं नाव,
मधलं एक अक्षर गाळून.

रिकामं देत नाहीत,
हे मी तिला कधी सांगितलं होतं का, आठवेना.
स्पोकॅन इथून सात-आठ तास.