किलोच्या भावानं

मंगळवार बाजारात ती काट्यावर आडवी पडलेली,
खाली पंख्याची पाती, वर फुटका गीझर.
भंगारवाला म्हणाला, लोखंडाला लोखंडाचा भाव.
मी नखानं नळी वाजवून बघितली.
लोखंड असं वाजत नाही.
गप्प राहिलो.
सहा किलो दोनशे.
वरचे दोनशे त्यानं सोडले, बोहनी म्हणून.

श्यामला दारातच म्हणाली,
गच्चीवर आधीच तीन आहेत.

दिवसा मी टॉवेलांच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
रात्री खरवडतो.
वरचा निळा, कुणाच्या तरी दाराला लावून उरलेला,
त्याखाली हिरवा, त्याखाली विटकरी,
आणि पार आत, सांध्याच्या बेचक्यात
नखाएवढा केशरी.
सांध्याभोवती पितळेची केसासारखी रेघ.
ज्यानं ते वितळवलं
त्याचा हात हलला नव्हता.

सीटची दांडी नळीत गंजून एकजीव झालेली.
रॉकेल घातलं, मग डिझेल, मग शिव्या,
मराठीतल्या संपल्यावर तेलुगूतल्या.
चौथ्या दिवशी ती किंचाळली आणि सुटली.

चाकं नबीलालकडं.
औट काढताना तो चाकाकडं बघतच नाही,
तार छेडतो, कान देतो, पाव आटा पिळतो.
फ्रीव्हीलमधली दोन्ही कुत्री
डांबर झालेल्या ग्रीसमध्ये मरून पडली होती.
पेट्रोलनं धुतली, थेंबभर तेल सोडलं,
नबीलालनं चाक उलटं फिरवलं.
भुंकली.

मग ते दिसलं.
वरच्या नळीवर, मधोमध,
दोन भोकांचा एक जाड तुकडा, आडवा डागलेला.
कारखान्यातला नव्हे, गल्लीतल्या वेल्डरचा,
ओबडधोबड, घाईतला.
लहान मुलाची सीट बसवायचा.

शर्यतीची सायकल ही.
मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल,
काडीएवढे टायर,
आणि मध्ये कुणाचं तरी पोर
ती शिंगं धरून, तोंडात वारा भरून,
बालवाडीला.

नबीलाल म्हणाला, काप की बे.
दोन मिनिटाचं काम. नळी कशी साफ दिसंल.
ग्राइंडर त्यानंच हातात दिला.
मी बटण दाबलं. पातं फिरलं.
बराच वेळ नुसतंच फिरलं.
लाइट बिल कोण भरतंय, म्हणाला तो,
आणि पिन काढली.

केशरी रंग जुळवायला तीन डबे वाया गेले.
हँडलला गुंडाळली चादरीची किनार,
कापून फेकलेल्या ढिगातली,
लाल-पिवळी, मोर अर्धाच आलेला.
जाणकार हसतील. हसू देत.
घामाला ती बरी आहे.

आता रविवारी पहाटे हिप्परग्याकडं जातो.
तुळजापूर रोडच्या चढाला
सीटवरून उठून पेडल मारलं
की उजवा गुडघा त्या तुकड्याला घासतो.
दर वेळी तिथंच. खपली धरू देत नाही.
त्याला रबर लाव की बे, नबीलाल म्हणतो.
लावतो, म्हणतो मी.
पावसाळा गेला, गड्ड्याची जत्रा आली,
अजून लावलेलं नाही.