तिसऱ्या ओळीतलं वळण

आमच्या जालन्याच्या देवळात
एकशे अठ्ठावीस नंबरचं गीत लागलं
की तिसऱ्या ओळीत सगळे चुकतात.
नवा पाळक पहिल्या रविवारी दचकतो,
दुसऱ्या रविवारी थांबवून शिकवतो,
पावसाळा सरेपर्यंत स्वतःच चुकायला लागतो.

चुकतात म्हणजे, पंचमावरून गंधारावर
छापल्याप्रमाणे मधली पायरी सोडून उतरायचं,
आणि आम्ही उतरतो
बैलगाडी ओढ्यात उतरावी तसे,
घसरत, मधल्या चिखलात जराशी चाकं फिरवत.

चूक माझ्या पणजीची आहे.
नाव सगुणा. बाप्तिस्म्यात सारा झाली,
जात्यापाशी सगुणाच राहिली.
बोर्डिंगातल्या साठ पोरींची ज्वारी दळायची,
आणि दळताना मडमबाईंनी शिकवलेलं गीत
ओवीत कालवायची; मापात बसलं नाही तर
प्रभूच्या नावाआधी दोन शब्द पदरचे घालायची,
बाई माझ्या.
मडमबाई पायपेटीवर बोट दाबून धरायच्या:
सारा, सरळ गा.
सरळच गाते, बाई. वाटच वाकडी हाय.

एवढं बोलणं घरात शिल्लक आहे,
आणि जात्याची खालची तळी,
जिच्यावर आता गॅसची टाकी उभी.

आजोबा कमरेला उपरणं बांधून
परतूरच्या बाजारात येशूचं कीर्तन करायचा.
उधळा पुत्र घरी येतो तिथं
म्हाताऱ्या बापाला दुगणीत असा पळवायचा
की मिरच्या विकणाऱ्या बाया तोलणं सोडायच्या.
भाव मात्र सोडायच्या नाहीत, हे त्याचंच वाक्य.

बाप नगरहून चार आवाज शिकून आला.
टिंबं, रेघा, स्वल्पविरामांची वही.
आल्टोच्या बाकावर कडूबाई खरात बसली
आणि तिसऱ्या सरावाला उठली:
मास्तर, आमच्या वाट्याला चालच नाही,
नुसतं एका सुरावर उभं राहायचं,
नळाच्या रांगेत उभं राहिल्यावाणी.
तरी एका नाताळात चारही आवाज जुळले.
बाप म्हणायचा, छपराचे पत्रे वाजले होते.
मग तिसरी ओळ आली आणि चारही आवाज
आपापल्या उंचीवरून घसरले.
त्यानं वही मिटली. रडला की हसला,
आई दर वेळी वेगळं सांगते.

मी पेटी वाजवतो, बेचाळीस वर्षं.
पेटीला घसरता येत नाही.
पट्टी दाबली की सूर, सोडली की नाही;
मधलं तिला कुणी शिकवलेलं नाही.
म्हणून तिसऱ्या ओळीला मी उजवा हात उचलतो,
भाता नुसता हलवत राहतो.
लोकांना वाटतं, भक्तीनं.

यंदाच्या हंगामाच्या सणाला
वेदीपुढे मोसंबी, कपाशी, कणसांचा ढीग,
आणि शेजारी रिबकाचा कीबोर्ड, हप्त्यावरचा.
माझी भाची. दिवसा बियाणांच्या कंपनीत पाकिटं मोजते,
रात्री पोरांबरोबर स्टीलच्या शेडमध्ये
टाळ्या, ड्रम, भिंतीवर शब्द.
मला ते गाणं कळत नाही,
एकच ओळ सोळा वेळा. मग वाटतं,
जातं तरी दुसरं काय करत होतं.

कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक असतं.
तिसरी ओळ आली. मी हात उचलला.
रिबकानं अंगठ्यानं चाक फिरवलं.
पहिल्या कडव्यात रिक्षाच्या भोंग्यासारखं आलं,
पोरं हसली, एका म्हातारीला ठसका लागला.
दुसऱ्यात उशिरा.
चौथ्या कडव्यात तो पंचम
उतरला, मध्ये अडला,
चिखलात चाक फिरवलं,
आणि गंधारावर असा टेकला
की कुणीच चुकलं नाही.

मामा, असंच ना? तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.
मी भाता हलवत होतो.
देवळामागं लिंबाखाली मडमबाईंची कबर आहे.
तिकडची खिडकी उघडीच होती.