रीडिंग

सव्वीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली.
सिडको, पाथर्डी फाटा, सातपूरच्या चाळी,
शेवटी कॉलेज रोडचे बंगले, जिथे
कुत्रा आधी यायचा आणि मालक नंतर.
जिन्याखालच्या कोळिष्टकात बॅटरी मारायची,
आकडा टिपायचा, निघायचं.
पण आकडा बोलायचा.
कुठे गीझर दिवसभर तापतोय,
कुठे माणसं तीन आणि एसी चार,
कुठे मुलगा परदेशी गेल्यावर
रीडिंग एकदम खाली बसलंय.
मला आधी कळायचं, शेजाऱ्यांना नंतर.

रिटायर झालो आणि इंदिरानगरचा फ्लॅट विकला.
मखमलाबादला, पाटाच्या पलीकडे, दीड गुंठा,
त्यात दहा बाय सोळाची एक खोली.
छपराला काढून टाकलेल्या द्राक्षमांडवाचे अँगल,
भंगाराच्या भावात, तारेच्या वळांसकट.
भिंतींना माती, भाताचं तूस, थोडा चुना.
गवंडी निवृत्ती गांगुर्डे हात धुता धुता म्हणाला,
साहेब, खोली झाली. घर कधी काढायचं?

फ्लॅट सोडताना कुमुदने डबे मोजले, बेचाळीस.
त्यातल्या अकरांमध्ये दुसरे डबेच होते.
आठवडाभर आम्ही वाटत होतो,
कोणी नेलं, कोणी नाक मुरडून नेलं.
हार्मोनियम मात्र तिने दिली नाही.
ती आता पलंगाखाली असते,
काढायची तर आधी तांदळाची कोठी ओढावी लागते.
त्यामुळे ती वाजते
तांदूळ संपतो त्या दिवशी.

खोटं कशाला बोलू.
भांडण झालं तर रुसायला दुसरी खोली नाही.
ज्याचा राग मोठा, त्याने बाहेर कढीपत्त्यापाशी जायचं.
डिसेंबरात तिथे फार वेळ रागावता येत नाही.

मेहुणे आले, विद्याधरराव.
उभ्याउभ्याच सगळं बघून झालं त्यांचं.
विचारलं, बाकीचं कुठाय?
मला उत्तर सुचलं ते गेल्यावर, नेहमीसारखं.
बाकीचं बाहेर आहे, दाजी.
अंघोळीचं पाणी अळवात,
खरकटं खड्ड्यात, खड्ड्यावर भोपळा,
आणि भोपळा गेल्या बुधवारी आमच्या पोटात.
पाटाला पाणी सुटलं की ते उशाशी वाहतं.
खिडकीत रामशेज आहे,
डावीकडून थोडा कापला जातो, पण आहे.
छपरावर काळा रंग दिलेली टाकी,
तिचं पाणी दुपारी तापतं
म्हणून आम्ही दुपारी अंघोळ करतो.
आधी लाज वाटायची,
नोकरीत कधी दुपार बघितलीच नव्हती ना.

काल मीटरवाला आला. नवा पोरगा, अश्फाक,
हातात मोबाइल, फोटो काढला की काम झालं.
मागचा आकडा बघून त्याने काचेवर टिचकी मारली.
बंद आहे, काका.
एकोणीस युनिट? महिन्याचे? दोन माणसांचे?
मीही अशीच मारायचो टिचकी,
बोट असंच वाकवून.
त्या घरांबद्दल मनात काय काय यायचं
ते आता त्याच्या चेहऱ्यावर होतं.

म्हटलं, थांब.
आत जाऊन पंखा लावला.
ऐन थंडीत! कुमुद ओरडली.
बाहेर येऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसलो.
मीटरचा लाल दिवा.
बराच वेळ काहीच नाही.
मग एकदा लुकला.

आम्ही पुढच्याची वाट बघत राहिलो.
आतून चहा आला. आमच्याकडे कप तीनच,
पुरले.
त्याने मोबाइलवर ‘फॉल्टी’ टिपलं होतं, ते पुसलं.
अजून अख्खी गल्ली बाकी होती त्याची,
पण तो काही उठेना.
काका, म्हणाला,
अजून एकदा बघू.