मुद्दाम ठेवलेलं

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच.
पत्र्याखाली बेचाळीस, आणि एसी फक्त कॉम्प्युटरला.
गज्जम शेठ म्हणाले, लई जड झालंय बघा हे,
चालू होईस्तोवर चहा पिऊन होतो.
ते डिझाइनचं सॉफ्टवेअर काढून टाका एकदाचं.
शिवशरण गेला पुण्याला.
आता डिझाइन सुरतेहून येतात, व्हॉट्सॲपवर.

काढून टाका म्हणणं सोपं असतं.
मागवलं होतं एक, त्याचा पदर धरून अकरा आले:
फाँटांचा गठ्ठा, कुठल्याशा प्रिंटरचा ड्रायव्हर,
हवामान सांगणारी एक खिडकी
(सोलापूरचं हवामान! त्यात सांगायचं काय),
आणि एक जण, ज्याचं काम काय
ते त्यालाही माहीत नसावं.
लग्नात असतो ना असा कुणीतरी,
दोन्ही बाजूंना वाटतं, तिकडचा असेल.

मी यादी वाचते, बोट ठेवून.
कोण कुणाच्या आधारानं उभंय,
कोण नुसतंच टेकलंय,
कुठल्या खुंटीवर दोघांचे सदरे.
घाईनं खुंटी उपटली
तर उद्या टॅली उघडणार नाही
आणि सकाळी साडेनऊला फोन येईल,
काय करून गेलात ओ.

शेजारच्या शेडमध्ये एक माग थांबला.
गाठ बसेपर्यंत थांबला.
मग परत खडखड.

आधी मोठं काढलं. मग त्याच्या अंगचे सात.
मग मशीननं आपण होऊन विचारलं:
खालील गोष्टींची आता कुणालाच गरज नाही.
काढू?

चार नावं.
तिघांना मी ओळखत होते, हो म्हटलं.
चौथं दीडशे केबीचं,
चादरीवरच्या मोराची भोकं करणारं.
त्याच्यापुढे यादीत कुणाचंच नाव नव्हतं.
पण कोपऱ्यातलं कार्ड पाडायचं जुनं मशीन
रोज सकाळी त्यालाच हाक मारतं,
शिवशरणनं हातानं लिहिलेल्या सात ओळींतून.
सुरतेचा मोरसुद्धा तिथूनच जातो.
त्या ओळींची नोंद कुठेच नव्हती.
शेवटच्या ओळीखाली एवढंच:
हे काढू नको बे.

मिल बंद झाली तेव्हा
आमच्या आण्णांपुढेही कुणाचं नाव नव्हतं.
घरी बसले. दोन महिन्यांनी
गल्लीतले बंद पडलेले रेडिओ
आमच्या ओट्यावर यायला लागले, एकेक करून.
त्याचीही नोंद कुठे नाही.

नाही म्हटलं.
आणि त्या दीडशे केबीवर खूण केली:
कुणाबरोबर आलेलं नव्हे, मुद्दाम ठेवलेलं.
म्हणजे पुढच्या वेळी कुणी आलं साफ करायला
तर मशीन त्याचं नावच घेणार नाही.

किती काढलंत, शेठ म्हणाले.
अकरा.
आले किती होते?
बारा.

मशीन बंद करून चालू केलं.
उघडलं, तेव्हा चहा अजून गाळायचा होता.