झाडांच्या आधी

खाणीतला पंप थांबला की सेव्हर्न खड्ड्यात परत येते.
म्हणून एनॉक प्रॉबर्ट तो रात्रंदिवस चालू ठेवतो,
खडी काढतो, ट्रक भरतो,
आणि बादलीला काळं काही लागलं
की यंत्र बंद करून फोन लावतो :
"बाई, तुमचा चिखल आलाय. शुक्रवारपर्यंतच."

हेस्टर पोती घेऊन येते.
खालच्या थराची तीन, वरच्या थराची चार.
मधे वीतभर वाळू.

घरामागच्या शेडमध्ये ती चिखल चाळते,
रॉकेलमध्ये कालवते, हलक्या हाताने,
मग वरून गार पाणी सोडते.
झाडपाल्याचं ते तळाशी बसतं.
किड्यांचं तेवढं वर येतं :
मेणचट पाठींना रॉकेल धरतं, पाणी नाही.
तेव्हाही धरत नसणार.
बहीण म्हणते, तुझ्या घरच्या पावालाही वास येतो.
येतो.

अख्खा किडा कधी मिळत नाही.
एक डोकं. एक पाठ.
पंखावरचं झाकण, मोहरीएवढं,
ओलं असेतो हिरवंगार.
खालच्या थरात एक शेणकिडा निघाला,
त्याचे भाऊबंद आज फक्त तिबेटात, याकांच्या मागे मागे.
वूस्टरशरच्या या कुरणात तेव्हा
मॅमथ हगले, आणि याची सोय झाली.
हेस्टर एकटीच हसते. वहीत लिहिते :
जुलै, दहा अंश. फार तर.

वीतभर वाळू.

वरच्या थरात तिबेट नाही.
सगळी दक्षिणेची मंडळी, ऊन खाणारी.
जुलै, सतरा.

लेस्टरहून परागकणवाल्या ॲलवेंचं पत्र येतं,
सभ्य, टाइप केलेलं :
तुमच्या वरच्या थरात मला गवत दिसतं, लव्हाळा दिसतो,
झाड एकही नाही. ही थंडीच आहे.
किडे पुन्हा मोजाल का?

मोजते. पुन्हा सतरा.
रात्री उत्तर लिहायला बसते, तीन कागद फाडते.
चौथ्यावर एवढंच उरतं :
"दोघांचंही बरोबर आहे. झाडं पोचली नव्हती.
बर्चचं आधी बी पडावं लागतं, ते वाढावं लागतं,
मग त्याचं बी.
ऊब मात्र आली ती एका माणसाच्या आयुष्यात.
किडे उडून आले
आणि सावली नसलेल्या उन्हाळ्यात राहिले,
कित्येक पिढ्या."

गुरुवारी एनॉक दारात. हातात काडेपेटी.
"हा मेलेला नाही. दिव्यावर आला होता.
चाळीस वर्षं इथे राहतोय, असला बघितला नाही."
पेटीत खरखर.
ती भिंग घेते, मग जाडं पुस्तक, मग नकाशा.
बोट किनाऱ्यापर्यंत खाली जातं,
इंग्लिश खाडी ओलांडतं.
"कुठला?"
"इथला नव्हता," ती म्हणते.
तो पुढच्या वाक्याची वाट बघतो.
ती चहा ठेवते.

मागाहून पेटीवर तारीख घालते, ठिकाण,
दिवा किती वॅटचा.
अंश लिहायच्या जागी पेन टेकवून थांबते,
शाईचा ठिपका पसरतो.

शुक्रवारी पंप बंद होतो.
पाणी आधी खालचा थर घेतं, मग वाळू,
दिवस मावळेतो वरचाही.
एनॉक काठावर टोपी काढून डोकं खाजवतो.
"आणि झाडं?" तो विचारतो. "ती कधी निघतात?"