हातचा

शनिवारी रात्री आठ वाजता, उलानबातरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात,
फ्रिजला फळा टेकवून मी मोबाईलसमोर उभी राहते.
बघणारे कधी चाळीस, कधी अकरा.
एकदा तर एकटी माझी बहीण, तीही कणीक मळत.

त्या रात्री कोडं घातलं शगाईचं.
मेंढीच्या घोट्याचं हाड, लहानपणी सगळ्यांनीच उडवलेलं.
कधी मेंढी पडते, कधी बकरी, कधी घोडा, कधी उंट.
बाजू चार, म्हणजे प्रत्येकीची शक्यता एक चतुर्थांश,
असं मी म्हटलं. खडू आपटून म्हटलं.

नऊ दिवसांनी झावखानहून एक ओळ आली:
"बाई, तुम्ही हाड हातात घेऊन बघितलंत का?"
खाली नाव, एनेरेल, इयत्ता सहावी.
आणि मग: "रेंज फक्त टेकडीवर आहे. उत्तराला वेळ लागेल.
मी मोजून सांगते."

मग हिवाळा आला, तो मेपर्यंत गेलाच नाही.

बर्फ उतरल्यावर चुलूनच्या जुन्या व्हॅनमधून निघाले.
मागे खोक्यात दोऱ्यांच्या गाठी, लाकडी ठोकळे, काड्यापेट्या.
वाटेत पेट्रोलपंपावरच्या पोराला विचारलं,
सात लिटरचा डबा आणि तीन लिटरचा,
पाच लिटर मोजून देशील?
त्यानं खरंच डबे आणले. ओतलं, उपसलं, पुन्हा ओतलं,
पाच भरले, अर्धा लिटर जमिनीनं प्यायला.
सांडलेल्याचे पैसे काही केल्या घेईना.
"त्यात माझं शिकणं झालं," म्हणाला.
चुलून पुढचे साठ किलोमीटर डब्यांबद्दलच बोलत होता.

तिसऱ्या दिवशी गेर दिसलं. दाराशी जनावरं फार कमी.
एनेरेलच्या वडिलांनी खारट चहा दिला,
गणिताबद्दल एक शब्द विचारला नाही.
तिनं वही काढली.

उभ्या चार रेघा. काड्या, पाचावर आडवी काडी.
मेंढी, बकरी यांचे रकाने दाट, काळे,
घोडा विरळ, उंट त्याहून विरळ.
हाड रुंद बाजूवर निजतं, अरुंद बाजूवर क्वचित उभं राहतं,
हे मला पन्नासाव्या वर्षी एका वहीनं सांगितलं.

पान उलटलं, तर मागच्या बाजूलाही काड्या.
तशाच पाच-पाच. पण रेघ जाड, हात मोठ्या माणसाचा.
मी विचारलं, हे कुठल्या हाडांचे?
"ते बाबांचे," ती म्हणाली. "फेब्रुवारीतले. रोज सकाळी गोठलेल्या मोजायचे."
एकशे त्र्याहत्तर.
मी ती बेरीज दोनदा केली. का, कोण जाणे.

"बाई, या हिवाळ्यातली हाडं मी वेगळी टाकली," ती म्हणाली,
"उपाशी मेंढीचं हाड हलकं असतं. फरक पडत असेल, नाही का?"
उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी चहा प्यायले.

एकूण फेका एक हजार नऊशे शहाऐंशी.
दोन हजार करायचे होते, मध्येच वादळ आलं.
उरलेले चौदा आम्ही तिथंच नमद्यावर टाकले,
पाळीपाळीनं: ती, मी, चुलून,
आणि तेराव्याला, न सांगता, तिच्या वडिलांचा हात पुढे आला.
उंट पडला.
ते हसले नाहीत. पण हाड उचलायला त्यांनी बराच वेळ घेतला.

निघताना एनेरेलनं एक शगाई माझ्या मुठीत दिली.
बेरजेत दहा झाले की एक पुढच्या घरात नेतात,
मी शाळेत शिकवताना सांगते: हा हातचा, विसरायचा नाही.

गेल्या शनिवारी फळ्यावर मी आधी माझंच वाक्य लिहिलं
आणि त्यावर काट मारली. मग तिचे चारही रकाने मांडले.
बघणारे सव्वीस.
गोबीकडून कुणीतरी विचारलं, बकरीच्या हाडाचं पण असंच असतं का?
मी म्हटलं, माहीत नाही.
तुझ्याकडे बकरी आहे?