अकरा मिनिटं

इताता नदीच्या वरच्या टेकडीवर
निलगिरीची झाडं फटाफट फुटत होती
आणि रस्ता पोलिसांनी अडवलेला.
आई पलीकडे. फोन लागत नव्हता.

गाडीत शनिवारच्या लग्नाचं सामान होतं,
भरून ठेवलेल्या बॅटऱ्या,
आणि तो, चार पात्यांचा, जेमतेम किलोभराचा.
नियम मला पाठ होते. परीक्षा दिली होती मी.
आगीवर उडवायचा नाही:
प्रश्न क्रमांक सात, बरोबर उत्तराला दोन गुण.

उडवला.

धुराच्या फटीतून आधी चर्च दिसलं,
मग द्राक्षांच्या काळ्या पडलेल्या ओळी,
मग आमचं छप्पर. लाल. शाबूत.
आणि अंगणात आई,
हातात पाण्याची नळी, डोक्यावर ओला टॉवेल,
बहुतेक कोंबड्यांवर ओरडत असावी.
मी मोठ्यानं हसलो, भर रस्त्यात, एकटाच.

तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं,
पोटाखाली पाण्याची बादली लोंबत,
आणि टेकडीच्या अलीकडूनच वळलं.
मला वाटलं, दुसरीकडे जास्त गरज असेल.
माणसाला काय काय वाटू शकतं.

वैमानिक रेडिओवर काय म्हणाली
ते पुढे चौकशीत वाचून दाखवलं मला:
"समोर काहीतरी आहे. पक्षी नाही.
पक्षी बाजूला होतात."

अकरा मिनिटं आकाश रिकामं ठेवलं.
तेवढ्यात वारा एक गल्ली ओलांडतो.

दंड भरला. परवाना गेला.
गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही,
पावाच्या दुकानात रांग मात्र
माझ्यामागे हातभर अंतर सोडून उभी राहू लागली.

मार्चमध्ये दोन्या एदेलमिरा आली.
आईच्या शेजारची. म्हणजे, तेव्हा शेजारची.
मी खुर्ची पुढे केली, बसली नाही.
"वरून काढलेलं ते आहे ना तुझ्याकडे?
दाखव."

लावलं. चर्च. ओळी. लाल छप्पर.
"थांबव."

कोपऱ्यात, आमच्या भिंतीला लागून,
तिची पडवी, निळं दार सताड उघडं,
दोरीवर वाळत घातलेल्या चादरी:
तीन पांढऱ्या, एक फुलाफुलांची.
इतक्यांदा पाहूनही मला दिसल्या नव्हत्या.
मी छप्पर शोधत होतो.

ती पडद्याशी वाकली.
"दार लावून निघाले होते असं वाटत होतं मला,"
एवढंच म्हणाली,
आणि बराच वेळ
चादरी मोजत राहिली.